वय झालं, की काही झालं?

शंकेखोर : पूर्वी म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरला तर त्याला म्हातारपण म्हणत. सून कप अर्धाच भरून द्यायची आणि विषय तिथेच संपायचा. आता बोरिवलीत काय, मुलुंडात काय, सत्तरीच्या गृहस्थाची चाल जरा मंदावली की मुलगा न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतो, एमआरआय होतो, रक्त तपासलं जातं आणि माणूस घरी परततो तो एका इंग्रज डॉक्टरचं आडनाव घेऊन. त्या दिवसापासून घरातले त्याला बँकेत एकट्याला पाठवत नाहीत, गॅसजवळ जाऊ देत नाहीत. हे कशासाठी? पार्किन्सन्स बरा करणारं औषध नाही. त्याची वाढ रोखतं असं ठामपणे सिद्ध झालेलंही एकही औषध आज नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे ९.९ टक्के लोक होते आणि हा आकडा वाढतच जाणार. एवढ्या सगळ्यांच्या मंद चालीला आपण रोग म्हणणार आहोत का?

उत्साही : सगळ्यांच्या नाही, म्हणूनच ओळखायला शिकायचं. वयानं माणूस मंदावतो तो दोन्ही अंगांनी, सारखाच. पार्किन्सन्स बहुधा एका बाजूनं सुरू होतो. चालताना एकच हात हलत नाही, अंगाला चिकटून राहतो. एकाच पायाची चप्पल घासत जाते. बटणं लावताना उजवा हात अडतो, डावा ठीक असतो. अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जातं. पेन्शनरची सही जुळत नाही म्हणून बँक चेक परत पाठवते, तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात येतं. चेहऱ्याचे स्नायू कमी हलतात, पापण्या कमी लवतात, आवाज खाली जातो आणि सोसायटीत सगळे म्हणतात, काका हल्ली घुश्शात असतात. काका घुश्शात नसतात. मेंदूतल्या सबस्टान्शिया नायग्रा या भागात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत चाललेल्या असतात, आणि हालचालीतला फरक नजरेला येतो तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. जेम्स पार्किन्सननं १८१७ साली लंडनमध्ये जो निबंध लिहिला त्यात सहाच माणसं होती. त्यातली काही त्यानं रस्त्यात गाठून विचारपूस केलेली, आणि एकाला तर नुसतं लांबून पाहिलेलं. त्याला रस्त्यावरच्या परक्या माणसात जे दिसलं, ते आपल्याला रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसात दिसू नये?

आणि पूर्वी हे नव्हतं असं म्हणू नका. डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी कॉलन्यांत घरोघर जाऊन १४,०१० माणसांची पाहणी केली. ४६ जणांना पार्किन्सन्स निघाला, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. हा अभ्यास १९८८ साली छापून आला. पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे, ज्यांचा आवाज आणि ज्यांची लकब साऱ्या महाराष्ट्राला पाठ, त्यांनाही अखेरच्या काळात हाच आजार होता. जून २००० मध्ये ते पुण्यात गेले.

शंकेखोर : पारशी समाजात वयस्क माणसांचं प्रमाण मोठं, म्हणून तो आकडा फुगलेला. वयाचा हिशेब लावून पाहिला की तो बराच खाली येतो. आणि ३२८ घेतला तरी हजारात तीन. त्याच पाहणीत नुसता हात कापणारी, पण पार्किन्सन्स नसलेली माणसं याहून कितीतरी जास्त निघाली होती, हे तुम्ही सांगितलं नाहीत. माझं म्हणणं तेच आहे. हात कापताना दिसला की लोक घाबरतात, आणि बहुतेकांना घाबरण्याचं कारण नसतं.

उत्साही : हे मान्य. त्याला इसेन्शिअल ट्रेमर म्हणतात. वडिलांना असतो, आत्याला असतो, मग आपल्याला येतो. कप उचलताना, सही करताना, चमचा तोंडाशी नेताना हात कापतो. मांडीवर निवांत ठेवला की शांत होतो. मान हलते, आवाजही कापतो. पार्किन्सन्सचा कंप याच्या उलटा. हात स्वस्थ पडलेला असताना बोटं गोळी वळल्यासारखी हलतात आणि वस्तू उचलायला गेलं की कंप कमी होतो. थायरॉइड वाढला तरी हात कापतो, दम्याच्या काही औषधांनीही कापतो. आणि पार्किन्सन्सच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत कंप नसतोच. ते नुसते मंदावतात, आखडतात. त्यांचा खांदा दुखतो म्हणून वर्षभर हाडांच्या डॉक्टरकडे शेक घेणं चालू असतं. तेव्हा तुमचा अर्धा कप चहा त्यांच्या काही कामाचा नाही.

शंकेखोर : ठीक. मग हे ठरवतो कोण? रक्ताची तपासणी नाही. एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो. तो दुसरं काही नाही ना, एवढंच सांगतो. डोपामिनचे जे खास स्कॅन आहेत ते महाग, आणि तेही सगळी कोडी सोडवत नाहीत. म्हणजे डॉक्टर माणसाला चालायला लावतो, बोटं टिचकवायला लावतो, मनगट फिरवून पाहतो आणि सांगतो. चांगला डॉक्टर बरोबर सांगेल. पण अंधेरीच्या ओपीडीत, बाहेर रांग लागलेली असताना, घाईतला डॉक्टर?

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी तुमच्या बाजूची माणसं फारशी बोलत नाहीत. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकाच्या औषधांच्या डब्यात ॲसिडिटीची कॅप्सूल असतेच. तिच्यावरचं बारीक अक्षर कधी वाचलंत? पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलच्या जोडीला पुष्कळदा लेव्होसल्पिराइड असतं. हे औषध डोपामिनची वाट अडवतं. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं घेतलेलं सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन तेच करतं. अर्धशिशीचं फ्लुनारिझिन तेच. उलटीचं मेटोक्लोप्रमाइडही तेच. अमेरिकेच्या औषध नियामकानं २००९ साली त्याच्यावर ठळक इशारा छापायला लावला, कारण ते लांबवर घेतलं की तोंडाच्या, जिभेच्या नको त्या हालचाली सुरू होतात आणि काही वेळा थांबतच नाहीत. म्हणजे एका डॉक्टरच्या चिठ्ठीनं माणूस आखडतो, दुसरा डॉक्टर त्याला पार्किन्सन्स म्हणतो आणि वर तिसरी गोळी चालू करतो. यालाच तुम्ही वेळेवर निदान म्हणता?

या मुद्द्यावर उत्साही बाई अडखळतील असं वाटलं होतं. त्या उलट खूश झाल्या. शंकेखोरांनी आपल्या बाजूचा सगळ्यात बळकट पुरावा काढला होता, आणि तो नकळत पलीकडच्या पारड्यात पडला होता.

उत्साही : हेच तर! तुमच्या त्या गृहस्थाला ‘वय झालं’ म्हणून घरी बसवलं असतं, तर ती कॅप्सूल मरेपर्यंत चालू राहिली असती. औषधामुळे आलेला पार्किन्सनिझम औषध थांबवल्यावर बहुतेक वेळा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत उतरतो. पण तो ओळखायचा कधी? कुणीतरी ‘ही चाल वयाची नाही’ असं म्हटल्यावरच. आणखी एक सांगते. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही आणि विसरभोळेपणा, ही तीन एकत्र आली तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठलेलं असू शकतं. शंट नावाची नळी टाकून त्यातले काही रुग्ण पुन्हा नीट चालू लागतात. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबला असेल तर त्याचा इलाज वेगळा. बी-१२ कमी असेल तर पायांना जमीन कळत नाही आणि तोल जातो. आपल्या शाकाहारी घरांत हे नवं नाही. सारखं मागे पडणारा माणूस, ज्याला खाली बघता येत नाही म्हणून ताटातलं दिसत नाही, त्याला वेगळाच आजार असतो आणि पार्किन्सन्सच्या गोळ्या त्याला फारशा लागू पडत नाहीत. ‘वय झालं’ या दोन शब्दांखाली हे सगळं गाडलं जातं.

शंकेखोर : म्हणजे बरी होणारी कारणं शोधा, हे मला पटलं. पण ती सगळी वगळून जो उरतो, ज्याला खरोखरच पार्किन्सन्स आहे, त्याचं काय? तिथे माझा पहिला प्रश्न तसाच उभा आहे.

उत्साही : त्याच्यासाठी लेव्होडोपा आहे. १९६७ साली कॉटझियास या डॉक्टरनं मोठ्या मात्रा देऊन आखडलेली माणसं चालती केली, तेव्हापासून याच्या पुढे जाणारं तोंडानं घ्यायचं औषध आलेलं नाही. आपल्याकडे ते कार्बिडोपाबरोबर एका गोळीत मिळतं, राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. आजार थांबत नाही, खरं आहे. पण ज्या माणसाला पलंगावर कूस बदलता येत नव्हती तो उठून दाढी करतो, याला तुम्ही काही नाही म्हणणार? पुढे गोळीनं भागेनासं झालं, तर निवडक रुग्णांसाठी मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रियाही आहे. मुंबईत जसलोकमध्ये डॉ. परेश दोशींनी ती कधीच सुरू केली.

शंकेखोर : लाखोंची शस्त्रक्रिया सोडा, गोळीचंच बोलू. ती घेणं काय सोपं आहे? जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायची, कारण डाळ, दूध, पनीर, अंडी यांतली प्रथिनं तिची आतड्यातली आणि मेंदूकडची वाट अडवतात. सुरुवातीला तीन वेळा, काही वर्षांनी दिवसातून पाच-सहा वेळा. एक मात्रा उतरते आणि दुसरी चढायची असते, तेवढ्या वेळात माणूस खुर्चीत दगडासारखा. चढली की कधी जास्त होते आणि अंग आपोआप वेडंवाकडं हलतं. पाहणाऱ्याला वाटतं आजार बळावला, असतो तो गोळीचा परिणाम. मुलगा सकाळी आठची फास्ट पकडून गेलेला, सून मेट्रोत, केअरटेकर बाई नऊला येणार आणि गोळी साडेसातला. घड्याळावर चालणारं औषध तुम्ही अशा घरात देता, जिथलं घड्याळ लोकल ठरवते. आणि मांडीचं हाड मोडून हा माणूस इस्पितळात गेला की गोळी मिळते वॉर्डातल्या राउंडच्या वेळी.

उत्साही : त्यावरचा उपाय गोळी सोडणं नव्हे, वेळ लिहून भिंतीवर लावणं. इस्पितळात भरती होताना नर्सला पहिली गोष्ट तीच सांगायची. ही गोळी एकदम बंद केली तर ताप येऊन सगळं शरीर ताठ होऊ शकतं, जिवावर बेतू शकतं. हे माहीत असणं म्हणजेच नाव माहीत असणं.

शंकेखोर : आणि खाजकुइलीची पूड? घाटकोपरच्या बाजारात ती ‘नैसर्गिक’ म्हणून मिळते आणि तुमच्या रुग्णांच्या सभांना येणारे निम्मे लोक ती गुपचूप घेत असतील.

उत्साही : तिच्या बियांत लेव्होडोपा आहे, हे भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच दाखवलं होतं. मुंबईच्या झंडू कंपनीनं तिच्यापासून एक चूर्ण बनवलं. साठ रुग्णांवर त्याची बारा आठवड्यांची चाचणी झाली, १९९५ साली ती छापली गेली आणि रुग्णांत सुधारणाही दिसली. तेव्हा ती थोतांड आहे असं मी म्हणणार नाही.

शंकेखोर : त्या चाचणीत तुलनेला खोटं औषध नव्हतं. आणि या आजारात ते नसून चालत नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की नुसत्या सलाइनचं इंजेक्शन दिलं, पण माणसाला ते औषध वाटलं, तर त्याच्या मेंदूत खरोखर डोपामिन पाझरतं. म्हणजे इथे आशा हीच रसायन होते. आशेनं बरं वाटलं की पुडीनं, हे रुग्णाला कळणार नाही आणि वैद्यालाही कळणार नाही. शिवाय पुडीत लेव्होडोपा किती ते कुणी मोजलेलं नसतं. गोळीबरोबर पूड घेणारा माणूस नकळत दुप्पट मात्रा घेत असतो.

उत्साही : ते तर मीच रुग्णांना सांगते. पण तुमच्याच पुराव्याचा दुसरा अर्थ बघा. आशेनं डोपामिन पाझरत असेल, तर माणसं एकत्र येण्याला किंमत आहे. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून हेच करते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे नर्तक हृषीकेश पवार यांनी रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले. ताल मिळाला की अडलेला पाय सुटतो. हे नुसतं भावनेचं नाही. २०१२ साली १९५ रुग्णांवरचा अभ्यास आला : चोवीस आठवडे ताइ-ची केलेल्यांचा तोल सुधारला आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी पडले. आपल्या उपनगरांना हे जड नाही. डॉ. मदन कटारियांनी पहिला हास्यक्लब अंधेरीच्या लोखंडवालामधल्या बागेतच काढला, मार्च १९९५ मध्ये, चार-पाच माणसांवर. सकाळी बागेत जमायची सवय आपल्याला आहेच. मोठ्यानं हसणं, मोठ्यानं मोजणं, ठेक्यावर पाय उचलणं, हेच तर या माणसांना हवं.

शंकेखोर : बागेत कोण येतं, ताई? जो येऊ शकतो तो. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरचा माणूस तुमच्या वर्गात नसतो, म्हणून तुम्हाला वर्ग यशस्वी वाटतो. या आजारात पाय कुठे चिकटतात, बघा. दाराच्या चौकटीत, वळताना, अरुंद जागेत, मागून कुणी घाई केली की. आता घाटकोपर स्टेशन डोळ्यांपुढे आणा, जिथे २०१४ पासून मेट्रोची गर्दी लोकलच्या गर्दीत उतरते. लोकल जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते, मागून लोंढा, पुढे फट. पाय चिकटण्यासाठी लागतं ते सगळं तिथे एकत्र आहे. फुटपाथवर फेरीवाला, उखडलेले पेव्हर ब्लॉक, मधे खोदकाम. तुम्ही रुग्णाला चाला म्हणून सांगता. कुठे चालायचं?

उत्साही : इथे मला उत्तर नाही. एक उदाहरण आहे. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरच्या काकांना पार्किन्सन्स होता. सपाट जमिनीवर त्यांचा पाय उचलत नव्हता, पण जिना ते सहज उतरायचे. तिनं जिन्यासारखं भासणारं चित्र जमिनीवर अंथरलं आणि काका त्यावरून चालत गेले. सपाट जमिनीवर मेंदू अडतो, पण पुढे रेघ दिसली की दुसरी वाट काढतो. घरात रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या तरी पुष्कळांना फरक पडतो. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला कदाचित जिनाच सोपा असेल.

शंकेखोर : एकटा उतरू द्याल त्याला?

उत्साही : नाही. कुणीतरी बरोबर हवं.

ते ‘कुणीतरी’ इतका वेळ या संवादात नव्हतं. गोळीची वेळ सांभाळणारी, बटणं लावणारी, रात्री चार वेळा कूस बदलायला उठणारी व्यक्ती आपल्या घरांत बहुतेकदा बायको असते, स्वतः सत्तरीच्या आसपासची, गुडघ्यांनी त्रासलेली. नाव दिल्यानं रुग्णाला काय मिळतं यावर दोघं बोलत राहिले. तिला काय मिळतं हे कुणी विचारलं नाही. उत्साही बाईंनी ती उणीव कायद्यानं भरून काढायचा प्रयत्न केला.

उत्साही : २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचं नाव आहे. दाखला काढता येतो. आयकराची जुनी करप्रणाली निवडली, तर ज्येष्ठांच्या उपचारखर्चाला एक लाखापर्यंत वजावट मिळते. त्यातून निदान केअरटेकरच्या पगाराला हातभार लागतो. नाव नसेल तर यातलं काहीच नाही.

शंकेखोर : दोन्हीकडे चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. टक्के मोजणार कधी? गोळी चढलेली असताना तो माणूस वैद्यकीय मंडळासमोर चालत जाईल आणि नापास होईल, म्हणजे दाखल्यात नापास. दोन तासांनी त्याला उचलून न्यावं लागेल. दर तासाला बदलणाऱ्या आजाराला एका सकाळचा आकडा चिकटवायचा, हा तुमच्या नावाचा उपयोग.

तरीही मी थोडा सरकलो, हे कबूल करतो. चाल बदललेल्या माणसाला तपासून घ्या, औषधांची यादी बघा, लागू पडत असेल तर गोळी द्या. पण आता शास्त्र याच्याही मागे जायला निघालंय. ज्याला अजून काहीच होत नाही, त्यालाही सांगायचं?

उत्साही : तुम्ही झोपेतल्या लाथांबद्दल बोलताय. स्वप्नात भांडताना जी माणसं खरोखर हातपाय झाडतात, ओरडतात, त्यांच्यातल्या पुष्कळांना पुढे हा आजार किंवा त्याच्या कुळातला स्मृतिभ्रंश होतो. १,२८० जणांवरचा, अनेक देशांतला अभ्यास २०१९ मध्ये आला. बारा वर्षांत जवळजवळ तीन चतुर्थांश लोक त्या वाटेला गेले. वास न येणं, जुनं बद्धकोष्ठ हीही आधीची चिन्हं, पण ती एकेकटी फार ढोबळ. उद्या आजार रोखणारं औषध आलं, तर ते द्यायचं याच माणसांना. आज त्यांना ओळखलं नाही तर औषध तपासणार कुणावर?

शंकेखोर : उद्याच्या औषधासाठी आजची बारा वर्षं त्या माणसानं भीतीत काढायची. आणि चौथा हिस्सा, ज्यांना बारा वर्षांत काहीच झालं नाही, त्यांची झोप कोण परत देणार?

उत्साही : सांगितलं नाही, तर त्याला मुलाच्या फ्लॅटच्या कर्जाला जामीन राहायचं का, नोकरीची शेवटची वर्षं कशी काढायची, हे ठरवताना तो आंधळा असेल. स्वतःबद्दलची गोष्ट त्याला कळू न देणारे आपण कोण?

शंकेखोर : त्यालाच विचारा ना, कळून घ्यायचं आहे का म्हणून.

उत्साही : विचारलं की कळलंच त्याला.

इथे दोघंही गप्प झाले. या प्रश्नावर न्यूरोलॉजिस्टही एकमेकांशी सहमत नाहीत आणि हा लेख त्यांच्यात निवाडा करणार नाही. पण त्याच्या अलीकडचं काम घरात करण्यासारखं आहे. कुणाची चाल बदलली असेल, एक हात हलेनासा झाला असेल, तर न्यूरोलॉजिस्टकडे जाताना गेल्या वर्षभरातल्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. ॲसिडिटीची आणि चक्करची गोळी त्यात नक्की असू द्या, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत त्यातली एकही आपल्या मनानं बंद करू नका.